बन्सी, वल्द रंगनाथ

तिसऱ्या दिवशी, चहाच्या सुट्टीला दहा मिनिटं बाकी असताना, इंद्रजीत तांगडेचा बाप त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच बाईच्या पोटी जन्माला आला. मौजे चिंचखेडा, घर नंबर पंधरा, फसली सन १३५७, पैदाइश, मुलगा, नाव बन्सी, वल्द रंगनाथ, आईचं नाव सरूबाई. ओळ एवढीच; फसली १३५७ म्हणजे इंग्रजी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, बापाच्याच जन्माचं साल. वर पंखा गरगरत होता, शेजारी त्याच्या जोडीची श्रेया खाली मान घालून तिच्या ओळी टाइप करत होती, खाली क्रांती चौकात सिग्नल सुटला की हॉर्नचा गलका वर यायचा आणि पुन्हा बसायचा. इंद्रजीतनं ती ओळ परत वाचली. मग त्यानं तेच केलं जे तो आयुष्यभर करत आला होता: कुणाचं लक्ष नाही ना, ते आधी पाहिलं.

बन्सी नावाचे गावात दहा असतील, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण चिंचखेडा म्हणजे काही मोठं शहर नव्हे. आणि तो नंबर पंधरा. चौदा नंबर म्हणजे दादाराव तांगडे, त्याचा आजा. त्या ओळी त्यानं कालच भरल्या होत्या आणि मनातल्या मनात नमस्कारही केला होता. चौदाच्या समोर गल्ली ओलांडली की पंधरा, रंगनाथ आणि सरूबाईचं. सरूबाईला तर त्यानं पाहिलं होतं. तिच्या मांडीवर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या होत्या. चौदा नंबरच्या खाली दादारावची पोरं म्हणून तीन पैदाइशी, म्हणजे जन्मनोंदी, होत्या, तिन्ही मुलगे: सखाराम, लिंबाजी, आसाराम. ही तीन नावं इंद्रजीतनं जन्मात ऐकली नव्हती. त्यात बन्सी नव्हता. म्हणजे आज्याला तीन पोरं, ती कुठं गेली कुणास ठाऊक, आणि आपला बाप समोरच्या घरचा. चहा आला तेव्हा श्रेयाला काही दिसेल की काय, या काळजीनं त्यानं ती ओळ पडद्यावरून वर सरकवली आणि कप तिथंच राहू दिला.

खरं तर ही ओळ त्याच्यासमोर यायलाच नको होती. सहा दिवसांचं प्रशिक्षण होतं, जुन्या काळातल्या लोकसंख्येचा अभ्यास कसा करावा याचं. शिकवायला पुण्याहून अनसूया मॅडम आल्या होत्या, साठीच्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की जनगणना दहा वर्षांनी एकदा दार वाजवते आणि निघून जाते. आपल्याला दारातच बसून राहायचंय. एकच माणूस धरायचा आणि जन्मापासून मरणापर्यंत सोडायचा नाही. कुठल्या वर्षी जन्मला, कधी लग्न झालं, पोरं किती, त्यातली किती जगली, तो कधी गेला. वहीतून नाव नाहीसं झालं म्हणजे माणूस मेला असं समजू नका, तो आपल्या नजरेबाहेर गेला, एवढंच लिहा. निजामाच्या अमदानीतल्या सहा गावांच्या जन्म-मृत्यूच्या वह्या होत्या, उर्दूतून मराठीत उतरवून घेतलेल्या. दोघादोघांच्या जोडीला एक गाव. आणि एक नियम: आपल्या गावाची वही कुणी घ्यायची नाही. "आपल्या घरात माणूस मोजत नाही, झडती घेतो," असं त्या म्हणाल्या होत्या. मग प्रत्येकाला मूळ गाव विचारलं. बाकीच्यांनी सरळ सांगितलं. इंद्रजीत म्हणाला, आमचं गाव असं नाही, आम्ही पहिल्यापासून इथं शहरात, गारखेड्यातच. का म्हणाला? काही कारण नव्हतं. कुणी गाव विचारलं की त्याला वाटायचं, याला काय करायचंय. हल्ली जो तो जुन्या दप्तरात आपला आजा-पणजा शोधत फिरतोय, जातीच्या दाखल्यासाठी, कशाकशासाठी; ही पुण्याची बाई गावं विचारून उद्या काय करेल कुणी सांगावं. तो खोटं बोलला, म्हणूनच चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा चिंचखेडा त्याच्या हातात येऊ शकलं. चिठ्ठी उघडताना त्याला बरंच वाटलं होतं. फुकटात घरचं कळेल, असं वाटलं होतं.

आता संशय म्हणाल तर तो इंद्रजीतच्या अंगात मुरलेलाच. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, पण दूधवाल्यासमोर दूध पुन्हा मापून घेईल, परीक्षेत सगळ्यात हुशार पोराचाच पेपर दोनदा तपासेल. बायको करुणा एकदा वैतागून म्हणाली होती की आरशातल्या माणसालाही तुम्ही ओळखपत्र मागाल. त्याला ते कौतुक वाटलं होतं. आकड्यांच्या माणसानं असंच असावं. पण आजवरचे त्याचे संशय सगळे बाहेरचे होते. उंबऱ्याच्या आत त्यानं कधी कुणाकडं वाकडं पाहिलं नव्हतं. बाप म्हणजे बाप. बन्सीआबा, वय अठ्ठ्याहत्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, गारखेड्यातलं घर त्यांनीच बांधलेलं. कमी बोलणारा, धोतर सोडून पायजम्यावर आलेला, पण बोलीतून गाव न सुटलेला माणूस. इंद्रजीत दुपारभर उरलेल्या ओळी भरत राहिला आणि त्या कमी बोलण्याला आज पहिल्यांदा अर्थ यायला लागला.

संध्याकाळी गुलमंडीवरून जावं लागलं, करुणानं उशांचे अभ्रे आणायला सांगितले होते. दुकानदार गिऱ्हाइकापुढं एकावर एक कापड उलगडत होता आणि इंद्रजीतला तेच दुकान, नाहीतर त्याच्या शेजारचं, चाळीस वर्षांपूर्वीचं आठवलं. दिवाळीच्या आधी आबा त्याला घेऊन यायचे आणि दोन लुगडी घ्यायचे. एक आजीला, केसरबाईला. एक सरूबाईला. दोन्ही सारखीच, एकाच काठाची. पोराला त्यात काय वाटणार? शेजारची म्हातारी, आबा तिला सरूमाय म्हणायचे, द्यायचे लुगडं. पण गावी गेल्यावर आबा चौदा नंबरात शिरायच्या आधी पंधरा नंबरात जायचे. आधी सरूमायच्या पाया पडायचे. आणि आजी आपल्या दारात उभी राहून ते पाहायची, काही बोलायची नाही, पदर तोंडाशी धरायची. हे त्याला इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं आणि आता इतकं लख्ख दिसत होतं, की दुकानदारानं दोनदा विचारलं, साब, कौनसा दूँ, तरी त्याला ऐकू गेलं नाही. अठ्ठ्याण्णव साली सरूबाई वारली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. आबा रातोरात गावी गेले आणि परत आले ते डोकं भादरून. मिश्यासुद्धा नाहीत. आई म्हणाली, अहो, हे काय? आबा म्हणाले, माय व्हती. विषय संपला. तेव्हा वाटलं, केवढा मानतात म्हातारीला. आता वाटलं, सरळ तर सांगितलं होतं त्यांनी, आपणच बहिरे. अभ्रे न घेताच तो गाडीवर बसला.

घरी आबा ओट्यावर बसले होते आणि राजनंदिनी त्यांच्या पायाची नखं काढत होती. ही राजनंदिनी म्हणजे सरूबाईच्या नातवाची मुलगी. दोन वर्षांपूर्वी फार्मसीला नंबर लागला तशी आबांनी तिला इथंच ठेवून घेतली, वरच्या खोलीत. कुणाला विचारलं नाही. जेवताना सांगून टाकलं, सरूमायच्या घरची पोर येनार हाय, ऱ्हाईल शिक्शान व्होईस्तोवर. करुणालाही पोर आवडली. नळाला पाणी यायचा दिवस असला की पोर पहाटे उठून टाक्या भरायची, मोटार लावायची, बादल्या गच्चीवर न्यायची, कुणाला उठवायची नाही. इंद्रजीतला इतके दिवस त्यात सोय दिसत होती. आज त्यानं पाहिलं की आबांचा पाय तिच्या मांडीवर आहे आणि आबा डोळे मिटून निवांत आहेत, त्याच्यासमोर कधी नसतात इतके निवांत. त्याला वाटलं, रक्त रक्ताला ओळखतं म्हणतात. मग मी कोण? आणि वाटलं ते त्याला बोचलं. सत्तेचाळीस वर्षं एका माणसाला बाप म्हणायचं आणि त्याचं घर समोरच्या गल्लीत निघावं. आपल्याला कुणी सांगितलं नाही. हिला ठाऊक असणार. हिच्या घरी सगळ्यांना ठाऊक असणार, सरूबाईनं मरताना सांगितलं असणार, आमचा बन्सी तिकडं दिलाय. म्हणून ही आली. कानामागून आली आणि तिखट झाली.

त्या रात्री जेवताना त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, की आबा, तुम्हाला भाऊ होते का हो. आबांचा घास थांबला. एवढंच. मग ते म्हणाले, "कुणी सांगितलं?" आणि इंद्रजीतनं काही नाही म्हटल्यावर त्यांनी ताटातली भाकरी पुढं ओढली, तीही संपवली नाही, हात धुवून उठले. राजनंदिनीनं पटकन तांब्या दिला. करुणानं नवऱ्याकडं पाहिलं. इंद्रजीतला हवा होता तो पुरावा मिळाला होता. खरं तर पुरावा कशाचा, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण संशयी माणसाला पुराव्याची वाट पाहावी लागत नाही, तो चहात मिळतो, तांब्यात मिळतो. झोप येईपर्यंत तो हिशेब मांडत राहिला: सखाराम, लिंबाजी, आसाराम या तीन खऱ्या पोरांचं दादारावनं काय केलं, ती हैदराबादकडं गेली का, त्यांची पोरंबाळं उद्या दारात येऊन उभी राहिली तर काय. आणि सरूबाईनं आपला मुलगा का दिला. की दिलाच नाही, तिचा आणि दादारावचाच... इथं त्यानं विचार तोडला. त्याला स्वतःची लाज वाटली, पण लाज वाटूनही विचार थांबला नाही.

गुरुवारी वर्गात अनसूया मॅडम ओळी जोडायला शिकवत होत्या. एकच नाव दोन वह्यांत असलं तर तो एकच माणूस का दोन, हे ठरवायचं कसं. त्या म्हणाल्या, एका ओळीवर विश्वास ठेवू नका आणि एका ओळीवर संशयही घेऊ नका. घराची सगळी वर्षं ओळीनं मांडा, मग बोला. इंद्रजीतनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं. हेच तो दरवर्षी पोरांना शिकवत असे, थोड्या वेगळ्या शब्दांत. लिहून घेतलं आणि वही मिटली. त्याची आणि श्रेयाची वाटणी अशी होती की पैदाइशी त्यानं भरायच्या आणि फौती, म्हणजे मृत्यूच्या नोंदी, तिनं. दोन्ही शनिवारी एकत्र करायच्या. तिची फाइल उघडून पाहावी असं त्याच्या मनात एकदाही आलं नाही. त्याला मेलेल्यांशी काही करायचं नव्हतं. त्याचा सगळा राग जिवंत माणसांवर होता.

संध्याकाळी घरी गेला तर आबा आणि राजनंदिनी टेबलाशी कसल्याशा कागदावर वाकलेले. आबांनी सही केली, तिनं आधार कार्डाची झेरॉक्स कागदाला टाचली. तो आत आला तसे दोघंही थांबले. काय चाललंय, असं त्यानं विचारलं. काही नाही काका, असं ती म्हणाली आणि कागद पिशवीत घातला. बस. तो तिच्या मागं गच्चीवर गेला. ती वाळलेले कपडे काढत होती, आबांचा सदरा तिच्या खांद्यावर होता. त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, नंतर त्याला वाटलं. त्यानं तो तोंडी परीक्षा घेताना वापरायचा तसा थंड आवाज वापरला. म्हणाला, तुमच्या घरानं म्हाताऱ्याला कोणतं नातं सांगितलंय ते मला कळलंय. काय लिहून घेतलंस ते तुझं तुला माहीत. हे घर माझ्या बापाचं आहे, तुझ्या नाही. कॉलेजला होस्टेल असतं. ती एकोणीस वर्षांची पोर त्याच्याकडं पाहत राहिली. तिला रडू आलं नाही किंवा तिनं येऊ दिलं नाही. तिनं हातातला सदरा नीट घडी घातला, दोन्ही बाह्या आत मुडपून, आणि म्हणाली, "बरं काका. उद्या सकाळी जाते. आबांना मीच सांगते, तुम्ही नका सांगू."

शुक्रवारी सकाळी ती गेली. एक बॅग, एक पिशवी. आबांना काय सांगितलं ते इंद्रजीतला करुणाकडून कळलं: परीक्षा जवळ आलीय, मैत्रिणीच्या खोलीवर अभ्यास चांगला होतो. संध्याकाळी आबा फक्त म्हणाले, पोरींचं काय, पाय फुटले की चालल्या. त्यांना तिचा राग आला होता, स्पष्ट दिसत होतं. ते पाहून इंद्रजीतला आधी हलकं वाटलं आणि मग ते हलकेपण काही टिकेना. तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं. का घेतलं नव्हतं? काही डाव असेल. तो रात्री तिच्या खोलीत गेला, कपाट उघडलं, गादी उचलली. टेबलाच्या खणात तो कागद सापडला. ज्येष्ठांच्या बसपासचा अर्ज होता. खाली आबांची वेडीवाकडी सही, आणि प्रवासाच्या रकान्यात तिनं सुबक अक्षरात लिहिलं होतं, चिंचखेडा. तिनं तो पिशवीतून काढून मुद्दाम इथं ठेवला होता, म्हणजे घरातलं कुणीतरी नेऊन देईल. इंद्रजीतनं तो दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. तरी त्याचा पीळ सुटला नाही. पास कशाला हवाय, गावी कशाला जायचंय, कुणाला भेटायचंय तिथं, हेच त्याच्या डोक्यात आलं.

शनिवारी दुपारी जेवणानंतर दोन्ही फाइली एकत्र केल्या. श्रेयानं बटण दाबलं आणि जिथं काही जुळत नव्हतं त्या ओळी लाल झाल्या. चिंचखेड्यात अकरा ओळी लाल होत्या. त्यातली एक घर नंबर पंधरा. श्रेया म्हणाली, सर, इथं तुमच्या टायपिंगची चूक झालीय बहुतेक, हे बघा ना. सरूबाईला भगवान नावाचा मुलगा झालाय, आणि पाचच महिन्यांनी पुन्हा बन्सी नावाचा मुलगा. एका बाईला पाच महिन्यांत दोन बाळंतपणं कशी होतील? बन्सीची ओळ काढून टाकू का? तिचं बोट बटणावर होतं. इंद्रजीतनं तिचं मनगटच धरलं, आणि मग गडबडीनं सोडलं. भगवानची ओळ त्यानंच भरली होती, मंगळवारी, स्वतःच्या हातानं. सन १३५६ च्या वहीतली शेवटून तिसरी. त्याला ती आठवतसुद्धा नव्हती. त्यानं एक ओळ धरून ठेवली होती, आणि आधीच्या वर्षाच्या वहीशी ती ताडून पाहिलीच नव्हती. पहिल्या वर्षाच्या पोरानं केली असती तर त्यानं मार्क कापले असते अशी चूक.

अनसूया मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी श्रेयाला थांबवलं आणि शेजारच्या घराच्या फौती काढायला सांगितल्या. श्रेयानं चौदा नंबर उघडला. सखाराम, फौत, उमर अकरा दिवस. लिंबाजी, फौत, उमर सात महिने. आसाराम, फौत, उमर चार महिने. तीन वर्षांत तीन. मॅडम चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या, ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथं पुढचं पोर शेजारणीला विकत असत, मूठपसा धान्य घेऊन, म्हणजे दैवाला घर सापडू नये. नाव दगडू-धोंडू ठेवणारेही असत. इथं त्यांनी सरकारी वहीतसुद्धा शेजाऱ्याचंच नाव लिहवून घेतलंय, असं मी पहिल्यांदाच पाहतेय. मग त्यांनी विचारलं, आणि त्या भगवानचं काय झालं. श्रेयानं खाली सरकवलं. घर नंबर पंधरा, भगवान वल्द रंगनाथ, फौत, उमर आठ महिने. बन्सी जन्मल्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी. मॅडमनी पडद्यावरचं तांगडे हे आडनाव वाचलं आणि इंद्रजीतकडं पाहिलं. "तुमचं गाव आहे ना हे?" तो हो म्हणाला. त्या रागावतील असं त्याला वाटलं, पण त्या एवढंच म्हणाल्या की तुम्ही घरी जा.

गारखेड्याला पोचायला वीस मिनिटं लागतात, त्याला किती लागली कळलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं: राजनंदिनीला ठाऊक नव्हतं. ठाऊक असण्यासारखं काही नव्हतंच. काही डाव नव्हता, कागद नव्हता, रक्त नव्हतं. आबा दादारावचेच. त्याला आनंद व्हायला हवा होता. आजा परत मिळाला होता, बाप परत मिळाला होता. पण सुटका झाली असं काही वाटेना, कारण भगवानच्या त्या शेवटच्या ओळीचा अर्थ त्याला लागत होता आणि लागू नये असं वाटत होतं.

आबा आतल्या खोलीत कॉटवर बसले होते. इंद्रजीतनं खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं, वही, घर नंबर, तीन भाऊ. भगवानचं नाव घेतल्यावर आबांनी वर पाहिलं. वहीत हाय का ते, असं त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर ते कितीतरी वेळ मान हलवत राहिले. मग ते बोलायला लागले, आणि इंद्रजीतनं त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तीन लेकरं गेल्यावर केसरमाय येडी व्हायची बाकी होती. चवथ्या खेपेला सुईणीनं सांगितलं, पाचवीच्या आत घर बदला, सटवाईला कळू द्यायचं नाय. सरूमायचं घर लेकुरवाळं, तिच्या पदरात तान्हं होतं, अंगावर दूध होतं. सुपात घालून परसदारानं नेलं. पायलीभर जवारी दिली सरूमायनं अन् इकत घेतलं. पाटलाकडं जाऊन नावसुद्धा रंगनाथच्या घरात लावलं. पाच वर्षांनी ज्वारी परत देऊन सोडवून आणायचं, अशी रीत. दोघांना दोन्ही अंगाला घेऊन पाजायची सरूमाय. तीन महिने.

"मग तिचा भगवान गेला," आबा म्हणाले. "अंग तापलं अन् दोन दिसांत गेला. गावानं काय म्हणावं? दादारावच्या घरची पीडा ह्या पोराच्या मागं आली, चुकून बाजूच्या लेकराला घेऊन गेली. तिच्या सासूनं, तिच्या नवऱ्यानं, समद्यांनी सांगितलं, काढ हे पोरगं भाईर, टाक त्याच्या आईच्या दारात. सरूमाय म्हणली, इकत घेतलेलं लेकरू हाय, मी माघारी देत नसते. त्याच दिशी मला पाजलं तिनं, तिचं लेकरू पुरून आल्यावर. पाच वर्सं संभाळलं. ती फौत माझी व्हती, इंदर. वहीत नाव चुकलं."

इंद्रजीतला वाटलं आता उठावं, बाहेर जावं, उद्या सांगावं. तो उठला नाही. त्यानं सांगितलं, की राजनंदिनी आपणहून गेली नाही, मी घालवली. का घालवली तेही सांगितलं, गच्चीवर काय बोललो तेही, शब्द न् शब्द, कारण एखादा शब्द गाळला तर तो आयुष्यभर जड जाईल असं त्याला वाटलं. दारात करुणा उभी होती, तिनं ऐकलं आणि ती आत आली नाही. आबा रागावले नाहीत. ते फक्त गोंधळल्यासारखे दिसले. म्हणाले, मला तर ती मैतरणीकडं जाते म्हणली. अन् मी रागानं तिच्याकडं पाठ करून बसलो, जाताना पाया पडली तर डोक्यावर हात सुदीक ठेवला नाय.

इंद्रजीतनं तिथंच फोन लावला आणि आबांना ऐकू जावा म्हणून आवाज मोठा केला. राजनंदिनीनं लगेच उचलला. हॅलो नाही, काही नाही, "काका, आबांना काही झालं का?" असं तिनं घाबरून विचारलं. नाही, आबा बरे आहेत, असं तो म्हणाला. मग माझं चुकलं असं म्हणाला. तू घरी ये, मी आत्ता गाडी घेऊन येतो, असं तो म्हणाला, आणि आपला आवाज पहिल्यांदा कुणाकडं तरी मागायला गेल्यासारखा येतोय हे त्याला कळलं. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी पोरगी हसली. राजनंदिनी म्हणाली, "रविवारी येत जाईन मी आबांना भेटायला. राहायला नको, काका. तुम्ही पुन्हा कधीतरी माझ्याकडं तसं बघाल, आणि मला ते कळेल." तिच्या आवाजात राग नव्हता. आबांना सांगा, रविवारी नक्की येते, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

इंद्रजीत आबांकडं पाहायचं टाळत होता. शेवटी पाहिलं. म्हातारा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता आणि त्याचे ओठ हलत होते, जणू कुणाशी आधीच बोलणं सुरू झालं होतं.

"बराबर हाय तिचं," आबा म्हणाले. "पन म्या आता वर गेल्यावर सरूमायला काय सांगू?"